प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान आणि आक्रमणाची घडण : अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९४६ ते १९८९)

सारांश

अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघाच्या आक्रमणाचे श्रेय बहुधा प्रशिक्षकाच्या प्रतिभेला दिले जाते. प्रस्तुत निबंधात पॉल ब्राउन, व्हिन्स लोम्बार्डी, सिड गिलमन, डॉन कोरियेल आणि बिल वॉल्श या प्रशिक्षकांच्या कार्याचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेऊन या समजुतीची तपासणी केली आहे. प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान हे हाती असलेले खेळाडू, खेळाचे नियम आणि मैदानावरील निर्णयाचा अधिकार या तीन घटकांच्या संघर्षातून आकार घेते, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अमेरिकन फुटबॉल, आक्रमणपद्धती, प्रशिक्षण, क्वार्टरबॅक, निर्णयाधिकार.

१. प्रस्तावना

मराठी वाचकाच्या मनात ‘फुटबॉल’ या शब्दाने जो खेळ उभा राहतो, तो पायाने चेंडू खेळण्याचा आंतरराष्ट्रीय खेळ होय. अमेरिकेत मात्र हे नाव रग्बीपासून विकसित झालेल्या एका वेगळ्या खेळाला आहे. त्यात अकरा अकरा खेळाडूंचे दोन संघ लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून शंभर यार्डांचे मैदान पार करण्याचा प्रयत्न करतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो, खेळाडू पुन्हा रचना धारण करतात आणि नवी चाल खेळली जाते.

खेळातील हा विराम आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. जेथे खेळ अखंड चालतो तेथे प्रशिक्षकाचा अधिकार सामना सुरू होताच मर्यादित होतो. येथे मात्र दोन चालींच्या मधल्या काही सेकंदांत बाहेरून विचार आत पाठविता येतो. त्यामुळे ‘पुढची चाल कोणी ठरवावी?’ हा प्रश्न या खेळाच्या व्यावसायिक इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. आक्रमणाच्या तत्त्वज्ञानाचा इतिहास हा काही अंशी या अधिकाराचाही इतिहास आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आक्रमणाच्या प्रमुख विचारधारांचा उगम व परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) नियमबदलांचा या विचारधारांवर झालेला परिणाम पाहणे.
३) प्रशिक्षकाचे नियंत्रण आणि खेळाडूचे स्वातंत्र्य यांतील ताण समजून घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. केवळ विजयी संघांचा विचार केल्यास प्रत्येक विजयामागे तत्त्वज्ञान आणि प्रत्येक तत्त्वज्ञानापुढे विजय दिसू लागतो. हा दोष टाळण्यासाठी पराभूत हंगामांनाही येथे पुरावा म्हणून स्थान दिले आहे.

३. नियमांची चौकट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ मुख्यतः शरीरबळाचा होता. खेळाडूंचा घोळका एकमेकांवर आदळे आणि त्यातून गंभीर इजा व मृत्यूही होत. १९०५ मध्ये हा प्रश्न इतका तीव्र झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये चर्चेसाठी बोलाविले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजेच फॉरवर्ड पासला, मान्यता मिळाली. पुढे आक्रमणाचे जे शास्त्र निर्माण झाले त्याचे मूळ या सुधारणेत आहे.

व्यावसायिक संघांची संघटना १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिने ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. १९३३ मध्ये आघाडीच्या रेषेमागे कोठूनही पास फेकण्याची मुभा मिळाली. ८ डिसेंबर १९४० रोजी शिकागो बेअर्सने अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा पराभव केला. प्रशिक्षक जॉर्ज हॅलस आणि त्यांना साहाय्य करणारे क्लार्क शॉनेसी यांनी विकसित केलेल्या ‘टी’ रचनेची श्रेष्ठता या सामन्याने सर्वांच्या लक्षात आली. या रचनेत चेंडू थेट क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो दुसऱ्याला द्यावा, स्वतः न्यावा की फेकावा हे त्याने ठरवावयाचे असते. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा केंद्रबिंदू झाला तो येथपासून.

४. पॉल ब्राउन : मैदानाचे वर्गात रूपांतर

१९४६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्या स्पर्धक लीगमध्ये उतरला. त्याचे प्रशिक्षक पॉल ब्राउन हे मूळचे शिक्षक. त्यांनी खेळाडूंना वह्या दिल्या, चालींची टिपणे लिहून घेतली, परीक्षा घेतल्या आणि सामन्यांच्या चित्रफितींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी त्यांनी बिल विलिस व मॅरियन मॉटली या कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. त्यांच्या संघाने १९४६ ते १९४९ अशी चारही वर्षे त्या लीगचे विजेतेपद मिळविले आणि १९५० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रवेश केला.

नव्या लीगमधील पहिल्याच सामन्यात त्यांनी आदल्या दोन वर्षांच्या विजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सला ३५–१० असे हरविले. त्या विजयात ओटो ग्रॅहम यांच्या पासांचा मोठा वाटा होता. त्याच हंगामात ईगल्सविरुद्धचा दुसरा सामना ब्राउन्सने १३–७ असा जिंकला, तोही अधिकृत नोंदीनुसार एकही पास न फेकता. एकाच संघाने एकाच प्रतिस्पर्ध्यावर परस्परविरुद्ध मार्गांनी मिळविलेले हे विजय बोलके आहेत. ब्राउन यांचे तत्त्वज्ञान विशिष्ट चालीत नव्हते. पूर्वतयारी आणि नियंत्रण ही त्याची दोन अंगे होती.

नियंत्रणाचे हे अंग त्यांनी टोकाला नेले. प्रत्येक चाल ते स्वतः ठरवीत आणि गार्डच्या जागी खेळणाऱ्या दोन खेळाडूंना आळीपाळीने आत पाठवून ती क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचवीत. १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसविण्याचा प्रयोग केला. लीगने त्यावर बंदी घातली. ही बंदी १९९४ मध्ये उठली आणि आज प्रशिक्षकाचा आवाज थेट खेळाडूच्या कानात पोहोचतो.

ब्राउन यांच्या पद्धतीने १९५०, १९५४ व १९५५ अशी आणखी तीन विजेतेपदे मिळवून दिली. परंतु ग्रॅहम निवृत्त झाल्यानंतरच्या काळात याच नियंत्रणाविषयी खेळाडूंमध्ये नाराजी वाढत गेली. जानेवारी १९६३ मध्ये संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी ब्राउन यांना पदावरून दूर केले. ज्या संघाला त्यांचे नाव होते त्याच संघातून त्यांना जावे लागले.

५. व्हिन्स लोम्बार्डी : थोड्या चाली, पूर्ण प्रभुत्व

१९५८ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने १२ सामन्यांपैकी एक जिंकला, दहा गमावले आणि एक अनिर्णित राखला. १९५९ मध्ये लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्या वर्षी सात विजयांची नोंद झाली. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पॅकर्सने लीगची पाच विजेतेपदे मिळविली. बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, जेरी क्रेमर, फॉरेस्ट ग्रेग हे त्यांचे प्रमुख खेळाडू लोम्बार्डी येण्यापूर्वीच संघात होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाडू तेच असता निकाल बदलला. म्हणजे प्रशिक्षकाचा प्रभाव येथे निःसंशय मानावा लागतो.

लोम्बार्डी यांच्या आक्रमणाचे प्रतीक म्हणजे ‘पॉवर स्वीप’ ही चाल. दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावत आणि चेंडू घेतलेल्या खेळाडूसाठी वाट मोकळी करीत. ही चाल गुप्त नव्हती. प्रतिस्पर्ध्याला ती येणार हे ठाऊक असे, तरीही थांबविता येत नसे, कारण प्रत्येक संभाव्य प्रतिकाराचे उत्तर सरावात घोटलेले असे. धावणाऱ्या खेळाडूने ठरावीक फटीतच घुसावे असा मात्र दंडक नव्हता. जेथे मोकळी जागा दिसेल तेथे जाण्याची त्याला मुभा होती. चाली मोजक्या ठेवायच्या आणि त्या चालीच्या अंतर्गत निर्णय खेळाडूवर सोपवायचा, असे हे सूत्र होते.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे कडाक्याच्या थंडीत डॅलसविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात याचा प्रत्यय आला. शेवटचे १६ सेकंद उरले असताना स्टार यांनी लोम्बार्डींशी बोलून चेंडू स्वतः घेऊन घुसण्याचा निर्णय घेतला आणि पॅकर्सने सामना २१–१७ असा जिंकला. कठोर शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रशिक्षकाच्या संघात निर्णायक क्षणी क्वार्टरबॅकचा शब्द चालला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

६. गिलमन आणि कोरियेल : मैदानाची लांबी

याच काळात पश्चिम किनाऱ्यावर वेगळा विचार रुजत होता. चार्जर्स संघाचे प्रशिक्षक सिड गिलमन यांनी मैदानाकडे भूमितीच्या दृष्टीने पाहिले. सुमारे ५३ यार्ड रुंदीचे आणि शंभर यार्ड लांबीचे हे क्षेत्र बचाव करणाऱ्या अकरा जणांना पूर्णपणे व्यापता येणार नाही. म्हणून लांब पासाची भीती कायम ठेवून बचाव ताणावा, म्हणजे मधल्या जागा आपोआप रिकाम्या होतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. पास घेणाऱ्याची धाव आणि पास फेकण्याचा क्षण यांचा मेळ त्यांनी काटेकोरपणे बसविला. अमेरिकन फुटबॉल लीगच्या १९६३ च्या हंगामाचा अंतिम सामना त्यांच्या संघाने बोस्टनविरुद्ध ५१–१० असा जिंकला.

हा विचार डॉन कोरियेल यांनी पुढे नेला. १९७८ ते १९८६ या काळात ते सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक होते. त्यांचे क्वार्टरबॅक डॅन फाउट्स हे १९७९ ते १९८२ असे सलग चार हंगाम पासद्वारे मिळविलेल्या यार्डांत लीगमध्ये अव्वल राहिले. परंतु हा संघ एकदाही सुपर बोलपर्यंत पोहोचला नाही. कोरियेल यांना खेळाच्या मानदालनात २०२३ मध्ये, म्हणजे निधनानंतर तेरा वर्षांनी, स्थान मिळाले. त्यांचा विचार सर्वत्र स्वीकारला गेला होता, पण विजेतेपदाच्या अभावी त्याची अधिकृत दखल उशिरा घेतली गेली.

७. बिल वॉल्श : उणिवेतून जन्मलेली पद्धती

बिल वॉल्श यांनी १९६६ मध्ये ओकलंड रेडर्समध्ये साहाय्यक म्हणून काम केले. तेथे गिलमन यांचे माजी सहकारी अल डेव्हिस यांच्यामार्फत आलेली लांब पासाची परंपरा त्यांनी आत्मसात केली. १९६८ मध्ये ते पॉल ब्राउन यांनी स्थापन केलेल्या सिनसिनाटी बेंगल्स या नव्या संघात दाखल झाले. दोन परंपरा त्यांच्या ठायी अशा रीतीने एकत्र आल्या.

१९६९ मध्ये बेंगल्सकडे ग्रेग कुक हा असामान्य ताकदीचा तरुण क्वार्टरबॅक होता. लांब पासाच्या पद्धतीला तो सर्वस्वी अनुकूल होता. पहिल्याच हंगामात त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द जवळजवळ संपली. १९७० मध्ये त्याची जागा व्हर्जिल कार्टर यांनी घेतली. कार्टर चपळ, हुशार व अचूक होते, पण त्यांच्या हातात लांब फेकीचे बळ नव्हते. वॉल्श यांनी मग मैदानाची लांबी सोडून रुंदीचा आश्रय घेतला. छोटे, झटपट पास. ते झेलल्यानंतर धावून मिळवायचे अंतर. क्वार्टरबॅकने मागे टाकायच्या पावलांशी जुळविलेली धाव. एक झेलणारा मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा असा ठरलेला पाहण्याचा क्रम, असे या पद्धतीचे स्वरूप होते. छोटा पास हा धावेचाच पर्याय मानला गेला. पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेल्या बेंगल्सने उरलेले सातही सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. १९७१ मध्ये अचूक पासांच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिले आले.

ज्या पद्धतीला पुढे एका द्रष्ट्याची निर्मिती म्हणून गौरविण्यात आले, तिचा उगम एका दुखापतीत व त्यातून उद्भवलेल्या उणिवेत आहे. कुक यांचा खांदा शाबूत राहिला असता तर हे तत्त्वज्ञान कदाचित या रूपात जन्मलेच नसते.

१९७५ च्या हंगामानंतर ब्राउन निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी वारस म्हणून वॉल्श यांना डावलून बिल जॉन्सन यांची निवड केली. वॉल्श सॅन डिएगो व स्टॅनफर्ड विद्यापीठमार्गे १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले.

८. नियमबदल आणि तत्त्वज्ञानाची कसोटी

दरम्यान १९७८ मध्ये दोन महत्त्वाचे नियम बदलले होते. १९७७ च्या हंगामात प्रत्येक संघाची सरासरी गुणसंख्या सामन्यामागे सुमारे १७ पर्यंत घसरली होती आणि खेळ नीरस होत असल्याची चिंता होती. नव्या नियमानुसार बचावपटूला पास घेणाऱ्याशी शारीरिक संपर्क केवळ पहिल्या पाच यार्डांपर्यंतच करता येऊ लागला. पास फेकणाऱ्याचे रक्षण करणाऱ्या खेळाडूंना हात पसरण्याची मोकळीक मिळाली. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पोहोचण्यावर आधारलेल्या वॉल्श यांच्या पद्धतीला हे बदल अतिशय पोषक ठरले.

तरीही केवळ पद्धती पुरेशी नव्हती. १९७८ मध्ये फोर्टीनाइनर्सने १६ पैकी दोन सामने जिंकले होते. वॉल्श यांच्या पहिल्या वर्षी, १९७९ मध्येही, त्यांनी दोनच जिंकले. याच हंगामात त्यांचे क्वार्टरबॅक स्टीव्ह डीबर्ग यांनी ५७८ पास फेकून त्यांतील ३४७ यशस्वी केले. हे दोन्ही आकडे तेव्हा लीगमधील विक्रम होते. पद्धती कागदावर आणि आकड्यांत यशस्वी, गुणतालिकेत मात्र तळाशी, असा हा हंगाम होता. १९८० मध्ये सहा आणि १९८१ मध्ये तेरा विजय मिळाले. या काळात तत्त्वज्ञान तेच राहिले. बदलला तो क्वार्टरबॅक, आणि विशेषतः १९८१ मध्ये नव्या तरुण खेळाडूंनी उभा राहिलेला बचाव. आक्रमणाच्या कीर्तीत बचावाचा हा वाटा सहसा विसरला जातो.

९. नियंत्रण आणि स्वातंत्र्य

वॉल्श यांनी ब्राउन यांच्याकडून पूर्वतयारीचा वारसा घेतला. सामन्यातील सुरुवातीच्या चाली, पुढे पंचवीसपर्यंत, ते आधीच लिहून ठेवीत. सामन्याच्या तणावात विचारशक्ती क्षीण होते; म्हणून शांत वेळी केलेला विचार अधिक विश्वसनीय, अशी त्यामागील भूमिका होती. हे नियंत्रणाचे परमोच्च रूप वाटते. परंतु चाल सुरू झाल्यावर चेंडू कोणाकडे जाईल हे क्वार्टरबॅकच ठरवी.

१० जानेवारी १९८२ रोजी डॅलसविरुद्ध झालेल्या सामन्यातील प्रसिद्ध झेल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ८९ यार्डांच्या वाटचालीच्या अखेरीस चेंडू सहा यार्डांवर होता. ठरलेल्या चालीत पास फ्रेडी सॉलोमन यांच्याकडे जावयाचा होता, पण ते मोकळे नव्हते. धावून येणाऱ्या बचावपटूंच्या दडपणाखाली जो माँटाना यांनी पास उंच फेकला आणि ड्वाइट क्लार्क यांनी तो झेलला. सामना २८–२७ असा जिंकला गेला. प्रेक्षकांना ती उत्स्फूर्त किमया वाटली. वस्तुतः क्लार्क हा त्या चालीतील दुसरा पर्याय होता आणि त्याचा सराव झालेला होता. उत्स्फूर्ततेलाही पूर्वतयारीचा आधार असतो, हे येथे दिसते. त्याचबरोबर तो क्षण ओळखण्याची दृष्टी माँटाना यांचीच होती, हेही नाकारता येत नाही.

२४ जानेवारी १९८२ रोजी झालेल्या सुपर बोलमध्ये फोर्टीनाइनर्सने बेंगल्सचा २६–२१ असा पराभव केला. बेंगल्सचे क्वार्टरबॅक केन अँडरसन हे वॉल्श यांचेच शिष्य होते. जानेवारी १९८५ मध्ये मायामीवर ३८–१६ आणि जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा बेंगल्सवर २०–१६ असे विजय मिळाले. या शेवटच्या सामन्यात बेंगल्सचे प्रशिक्षक सॅम वायश हेही वॉल्श यांचे पूर्वीचे साहाय्यक होते. ९२ यार्डांची वाटचाल करून ३४ सेकंद शिल्लक असताना सॅन फ्रान्सिस्कोने निर्णायक गुण मिळविले. त्यानंतर वॉल्श यांनी पद सोडले.

१०. वारसा आणि संधीचा प्रश्न

वॉल्श यांची पद्धती शिकविता येण्याजोगी होती. माइक होल्मग्रेन, त्यांचे साहाय्यक अँडी रीड, तसेच माइक शॅनाहन या परंपरेतील प्रशिक्षकांनी ती इतर संघांत नेली. फेब्रुवारी २०२० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रीड यांच्या कॅन्सस सिटीने काइल शॅनाहन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलमध्ये हरविले, तेव्हा एकाच वृक्षाच्या दोन शाखा समोरासमोर होत्या. या पद्धतीला रूढ झालेले ‘वेस्ट कोस्ट’ हे नाव मात्र ओहायोत जन्मलेल्या विचाराला तितकेसे शोभत नाही. हे वर्णन गिलमन–कोरियेल परंपरेलाही लावले जात असे. वृत्तपत्रांच्या वापरातून ते वॉल्श यांच्या पद्धतीला चिकटले.

ज्ञानाचा वारसा कोणाला मिळतो हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. सहाय्यक म्हणून प्रवेश मिळाल्याशिवाय परंपरेत स्थान नाही, आणि कृष्णवर्णीय उमेदवारांना हा प्रवेशच दुर्मीळ होता. मैदानावर त्यांची संख्या मोठी असूनही आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल यांची नियुक्ती १९८९ मध्ये झाली. वॉल्श यांनी १९८७ मध्ये अल्पसंख्य प्रशिक्षकांसाठी सराव शिबिरात पाठ्यवृत्ती सुरू केली. पुढे लीगने ती सर्व संघांसाठी स्वीकारली आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी डेनिस ग्रीन हे १९९२ मध्ये मिनेसोटाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एखादी विचारधारा टिकण्यासाठी तिच्या गुणांइतकीच तिच्या शिष्यवर्गाची व्याप्तीही निर्णायक असते, हे यावरून ध्यानात येते.

११. निष्कर्ष

१) आक्रमणाचे तत्त्वज्ञान बहुधा उपलब्ध साधनांच्या मर्यादेतून घडते. सिनसिनाटीतील १९७० चा हंगाम हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२) नियमांची चौकट बदलताच तत्त्वज्ञानांचे मूल्य बदलते. १९०६, १९३३ व १९७८ हे या इतिहासातील वळणबिंदू आहेत.

३) तत्त्वज्ञान संघाला दिशा देते, त्याचे विजयात रूपांतर खेळाडू व संपूर्ण संघरचना करते. १९५९ चे पॅकर्स प्रशिक्षकाचे सामर्थ्य दाखवितात, तर १९७९ चे फोर्टीनाइनर्स त्याची मर्यादा दाखवितात.

४) नियंत्रण आणि स्वातंत्र्य यांत ज्यांनी श्रमविभागणी केली त्यांची पद्धती दीर्घकाळ टिकली. लोम्बार्डी व वॉल्श यांनी सामन्यापूर्वीचा विचार स्वतःकडे ठेवला आणि चालीतील निर्णय खेळाडूला शिकवून त्याच्या स्वाधीन केला. ब्राउन यांनी तोही स्वतःकडे ठेवू पाहिला आणि अखेर त्यांच्याच संघात त्यांना जागा उरली नाही.

अध्यापनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना यातील शेवटचा निष्कर्ष परका वाटणार नाही. शिक्षकाने केलेली तयारी कितीही परिपूर्ण असली तरी परीक्षेच्या क्षणी उत्तर विद्यार्थ्यालाच द्यावयाचे असते. पॉल ब्राउन यांनी मैदानाचा वर्ग केला. त्या वर्गातील विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घेऊ देण्याचे धैर्य त्यांच्या पुढच्या पिढीने दाखविले.